एका गुणाचे अंतर

(गढा, जबलपूर येथे मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अटीतटीच्या सामन्यांविषयी बोलावे, असे आपण सुचविले. हा विषय क्रीडासमीक्षकाचा, अनुवादिकेचा नव्हे, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. तथापि अनुवादाच्या कामात मला वारंवार असे आढळून आले आहे की, एखादा समाज हारजितीसंबंधी कोणते शब्द वापरतो, यावरून त्या समाजाच्या मनाची ठेवण जितकी कळते, तितकी ती मोठमोठ्या तत्त्वचर्चेवरूनही कळत नाही. म्हणून आज मी आपल्यापुढे काही सामन्यांची हकीकत आणि काही शब्दांचा विचार, असे दोन्ही मांडणार आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. क्रिकेट हा खेळ इंग्रजांनी आणला, परंतु मराठीने त्याचे स्वागत कुस्तीच्या आखाड्यात केले. त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत, धावचीत या सर्व शब्दांतील ‘चीत’ हा पाठ जमिनीला टेकलेला मल्ल होय. फलंदाजाला आपण ‘गडी’ म्हणतो, तो शब्द हुतूतू आणि खोखो यांच्या अंगणातून आलेला आहे. सामना ‘बरोबरीत सुटला’ असे आपण म्हणतो, त्या ‘सुटण्या’तही मला आखाडाच दिसतो. दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांना भिडलेले आहेत, दिवस मावळत आला आहे, कोणीच चीत होत नाही, तेव्हा पंच मध्ये पडून जोड सोडवितात. कुस्ती बरोबरीत सुटते. तिच्यात कोणाचीही मान खाली जात नाही. याउलट ‘निकाली’ कुस्ती म्हणजे एकाची पाठ लागल्यावाचून न संपणारी. क्रिकेटसाठी आपल्याला आणखी एक शब्द घडवावा लागला, तो म्हणजे ‘अनिर्णित’. धावसंख्या समान झाली तर बरोबरी आणि वेळ संपल्यामुळे निर्णयच लागला नाही तर अनिर्णित, असा हा भेद आहे.

निकाली, बरोबरी आणि अनिर्णित या तीन शब्दांच्या सीमारेषेवरच अटीतटीचे सामने घडत असतात. अशा सामन्यात कोण जिंकले, एवढाच प्रश्न नसतो. न जिंकताही काही मिळत असेल तर माणसाने काय करावे, हा त्यातील खरा प्रश्न असतो.

याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे विद्यापीठांच्या फुटबॉलला आपल्या कल्पनेपलीकडचे महत्त्व आहे. हे फुटबॉल म्हणजे आपण ओळखतो तो खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावत, किंवा पुढे फेकून, प्रतिपक्षाच्या हद्दीपार न्यावयाचा असा तो अकरा अकरा गड्यांचा धसमुसळा खेळ आहे. हंगामाच्या शेवटी निवडक संघांचे जे विशेष सामने होतात, त्यांना ‘बाउल’ म्हणतात. बाउल म्हणजे वाडगा. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील क्रीडांगणाच्या वाडग्यासारख्या आकारावरून ‘रोझ बाउल’ हे नाव रूढ झाले आणि पुढे इतर सामन्यांनीही ते उचलले. फ्लोरिडा हा संत्र्यांचा मुलूख, म्हणून मायामी येथील सामना ‘ऑरेंज बाउल’ झाला. संत्र्यांचे नाव निघताच नागपूरची आठवण होणाऱ्या आपणांस हे नामकरण परके वाटू नये.

२ जानेवारी १९८४ रोजी या ऑरेंज बाउलमध्ये नेब्रास्का आणि मायामी ही दोन विद्यापीठे समोरासमोर आली. नेब्रास्काचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याने ओळीने बावीस सामने जिंकलेले होते. मायामीचा संघ पाचव्या क्रमांकावर होता, परंतु तो आपल्याच मैदानावर खेळत होता. मायामीने आरंभीच १७–० अशी आघाडी घेतली. नेब्रास्काने ती भरून काढली. मायामी पुन्हा ३१–१७ असे पुढे गेले. नेब्रास्काने अंतर ३१–२४ पर्यंत आणले आणि सामना संपण्यास अठ्ठेचाळीस सेकंद उरले असता जेफ स्मिथ या त्यांच्या खेळाडूने चेंडू हद्दीपार नेला. त्याचे सहा गुण मिळून फलक झाला ३१–३०.

येथे या खेळाचा एक नियम सांगितला पाहिजे. चेंडू हद्दीपार नेल्यावर त्या संघाला आणखी एक संधी मिळते आणि तीत निवड असते. चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारला तर एक गुण मिळतो. हे काम तुलनेने सोपे असते. त्याऐवजी तीन यार्डांवरून पुन्हा एकदा चेंडू हद्दीपार नेला तर दोन गुण मिळतात. हे काम कठीण. त्या काळी विद्यापीठांच्या या खेळात बरोबरी झाल्यास जादा वेळ खेळविण्याची पद्धत नव्हती. अव्वल श्रेणीत ती १९९६ साली सर्वत्र लागू झाली. नेब्रास्काने एक गुण घेतला असता तर सामना ३१–३१ असा बरोबरीत सुटला असता, आणि अपराजित राहिल्यामुळे राष्ट्रीय विजेतेपद बहुधा त्यांच्याकडेच गेले असते.

नेब्रास्काचे प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी दोन गुणांचा मार्ग पत्करला. टर्नर गिल याने जेफ स्मिथकडे चेंडू फेकला. मायामीच्या केनी कॅल्हून याचा हात मध्ये आला आणि चेंडू निसटला. मायामी ३१–३० ने जिंकले आणि पाचव्या क्रमांकावरून थेट राष्ट्रीय विजेते ठरले.

या निर्णयाला दोन बाजू आहेत. हातातील मुकुट भिरकावून देण्याचा अधिकार प्रशिक्षकाला कोणी दिला, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न मुळीच क्षुद्र नाही. वर्षभर घाम गाळणाऱ्या मुलांचा तो मुकुट होता. उलटपक्षी, अव्वल म्हणविणाऱ्याने अखेरच्या क्षणी बरोबरीचा आसरा घ्यावा काय, हाही प्रश्न आहे. मराठीत ‘गुण’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. परीक्षेत आणि खेळात मिळतो तोही गुण, आणि माणसाच्या अंगी असतो तोही गुणच. त्या रात्री नेब्रास्काचा संघ एका गुणाने हरला, पण त्याच्या अंगचा एक गुण सर्वांनी पाहिला, असे मराठीतच म्हणता येईल.

आता आपल्या घरच्या सामन्याकडे वळू. १९९१ सालच्या मे महिन्यात, ३ ते ७ तारखांना, मुंबईच्या वानखेडे मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबई आणि हरयाणा यांच्यात झाला. मुंबईचे नेतृत्व संजय मांजरेकर यांच्याकडे होते, तर हरयाणाचे कपिल देव यांच्याकडे. रणजी स्पर्धेचा नियम असा की, अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याचा करंडक. हा नियम ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व नाट्याचे मूळ त्यात आहे.

हरयाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. त्यांत दीपक शर्मा यांच्या १९९ होत्या, म्हणजे द्विशतकाला अवघी एक धाव कमी. अटीतटीच्या या सामन्यात हा एक स्वतंत्र निसटता क्षण होता, असे म्हटले पाहिजे. मुंबईने ४१० धावा करून उत्तर दिले. हरयाणाला ११२ धावांची आघाडी मिळाली. त्यांचा दुसरा डाव २४२ धावांत संपला. अखेरच्या दिवशी मुंबईसमोर ३५५ धावांचे लक्ष्य होते. दिवसभर तग धरून सामना वाचविण्यात मुंबईला काडीचाही लाभ नव्हता, कारण अनिर्णित म्हणजेच पराभव. नेब्रास्काला जी निवड करता आली, ती मुंबईला उपलब्धच नव्हती. तिला धावांच्या मागे धावणे भाग होते.

आरंभ वाईट झाला. ३४ धावांत तीन गडी बाद झाले. त्या वेळी एका बाजूला पस्तीस वर्षांचे दिलीप वेंगसरकर होते आणि दुसऱ्या बाजूला नुकताच अठरा वर्षे पूर्ण केलेला सचिन तेंडुलकर. तेंडुलकरने ९६ धावा अशा वेगाने काढल्या की अशक्य वाटणारे लक्ष्य एकाएकी आवाक्यात आले. तो बाद झाल्यावर विनोद कांबळीने ४५ धावांची जोड दिली. परंतु गडी पडतच राहिले आणि ३०५ धावांवर नववा गडी बाद झाला. विजयाला ५० धावा हव्या होत्या आणि वेंगसरकरांच्या साथीला उरला होता अकरावा गडी, वेगवान गोलंदाज अॅबी कुरुविला.

पायात गोळे आल्याने वेंगसरकरांना धावणे अशक्य झाले होते आणि त्यांच्यासाठी लालचंद राजपूत रनर म्हणून मैदानात आले होते. या शेवटच्या जोडीने ४७ धावा जोडल्या. तीन धावा हव्या असताना कुरुविला धावचीत झाला. मुंबईचा डाव ३५२ धावांवर संपला आणि हरयाणा दोन धावांनी विजयी झाले. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले. मैदानातच त्यांना अश्रू अनावर झाले. ते दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांच्या स्मरणातून ते गेलेले नाही.

आता थोडा हिशेब करू. हरयाणाच्या दोन्ही डावांच्या मिळून धावा ७६४, मुंबईच्या ७६२. पाच दिवसांत १५२६ धावा झाल्या आणि अंतर पडले दोन धावांचे. असे झाले म्हणजे आपले मन लगेच शेवटच्या घटनेला जाऊन चिकटते. कुरुविला जर वेळेवर पोचला असता तर, असे आपण म्हणतो. वास्तविक त्या दोन धावा पाच दिवसांत कोठेही हरवलेल्या असू शकतात. पहिल्या डावात एखादी एकेरी धाव घ्यावयाची राहिली असेल, एखादा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटून सीमेपार गेला असेल, एखादा नोबॉल पडला असेल. परंतु तेव्हा त्या क्षणांच्या अंगावर ‘निर्णायक’ अशी चिठ्ठी चिकटविलेली नव्हती. ती चिठ्ठी आपण मागाहून, आणि तीही केवळ शेवटच्या क्षणाला, चिकटवितो. अकराव्या क्रमांकावर येऊन संघाला विजयाच्या उंबरठ्यापर्यंत साथ देणाऱ्या कुरुविलाची आठवण आपण त्याने दिलेल्या साथीसाठी न काढता त्याच्या धावचीत होण्यासाठी काढतो. हा अन्याय आपल्या स्मरणशक्तीचा आहे.

भाषेनेही येथे एक मौज केली आहे. वर्तमानपत्रे अशा वेळी विजेत्याच्या विजयाला ‘निसटता विजय’ म्हणतात आणि पराभूताच्या पराभवालाही ‘निसटता पराभव’ म्हणतात. वस्तुतः निसटतो तो विजय, पराभूताच्या हातून. तथापि एकच विशेषण दोघांनाही लावून भाषेने एक सत्य सांगून टाकले आहे, ते असे की दोन धावांच्या अंतरावर उभे असलेले दोन संघ एकमेकांपासून फारसे वेगळे नसतात.

वानखेडेवर हरलेल्या मुंबई संघात चंद्रकांत पंडित हे यष्टिरक्षक होते. त्यांचे नाव आपल्या मध्य प्रदेशाशी पुढे अतूट जडले, म्हणून त्यांची कथा येथे सांगणे उचित होईल. मध्य प्रदेशाचे क्रिकेट म्हटले म्हणजे आपले वडीलधारे होळकर संघाची आठवण काढतात. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू यांच्या त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, शेवटचा १९५२-५३ च्या हंगामात. येथून जवळच असलेल्या सागरचा जन्म असलेले चंदू सरवटे त्याच संघाचे. त्यानंतर कित्येक दशके या प्रदेशाच्या वाट्याला करंडक आला नाही.

१९९९ सालच्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशाचा संघ पंडितांच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात पोचला. सामना बंगळूर येथे कर्नाटकाशी होता. कर्नाटकाने पहिल्या डावात ३०४ धावा केल्या, मध्य प्रदेशाने ३७९. आघाडी ७५ धावांची. म्हणजे वानखेडेवर हरयाणाची जी स्थिती होती, तीच आता मध्य प्रदेशाची होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. कर्नाटकाने दुसऱ्या डावात ३२१ धावा केल्या आणि मध्य प्रदेशासमोर २४७ धावांचे लक्ष्य आले. शेवटच्या दिवशी विजय भारद्वाज यांनी सहा गडी बाद केले आणि मध्य प्रदेशाचा डाव १५० धावांत आटोपला. ९६ धावांनी झालेला पराभव आकड्यांवरून निसटता वाटत नाही. परंतु आणखी काही षटके तग धरली असती तर करंडक हाती होता, एवढ्यावरून तो किती निसटता होता हे समजेल. अंतर नेहमी धावांतच मोजावे असे नाही. कधी ते वेळेतही मोजावे लागते.

तेवीस वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, त्याच बंगळूरच्या मैदानावर मध्य प्रदेशाचा संघ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. पंडित आता प्रशिक्षक होते आणि समोर होती त्यांची जन्मभूमी मुंबई. मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशाने ५३६ धावांनी उत्तर दिले. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके केली. १६२ धावांची आघाडी हाती असताना सामना रेंगाळत ठेवला असता तरी करंडक मिळाला असता. पण २६ जूनला, अखेरच्या दिवशी, मध्य प्रदेशाने मुंबईचा डाव २६९ धावांत संपविला आणि १०८ धावांचे लक्ष्य चार गडी गमावून पार केले. सहा गडी राखून मिळालेला हा विजय निकाली होता. मध्य प्रदेश या नावाने जिंकलेला हा पहिला रणजी करंडक. पंडितांचे डोळे त्या वेळी पाणावले होते.

ऑस्बर्न यांच्या कथेचा उत्तरार्धही असाच आहे. १ जानेवारी १९९५ रोजी त्यांच्या नेब्रास्काने त्याच ऑरेंज बाउलमध्ये त्याच मायामीचा २४–१७ असा पराभव केला आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. ही दोन उदाहरणे ऐकून शेवटी न्याय होतोच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो मात्र आपण आवरला पाहिजे. वेंगसरकरांना तशी दुसरी संधी मिळाली नाही. १९८४ मध्ये हरलेले नेब्रास्काचे विद्यार्थी १९९५ मध्ये मैदानात नव्हते. ज्यांचे पराभव पुढे भरून निघाले त्यांच्याच कथा आपल्यापर्यंत सुखरूप पोचतात, आणि उरलेल्या पराभवांची नोंद केवळ धावफलकाच्या जीर्ण पानावर राहते. त्या पानालाही वाचक मिळाला पाहिजे, असे मला वाटते.

गढ्यात उभे राहून हे सांगताना राणी दुर्गावतीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. युद्धात माणसे मरतात, खेळात मरत नाहीत. म्हणून दोहोंना एका तराजूत घालणे अनुचित होईल. तरी स्मरणापुरती एक गोष्ट सांगते. १५६४ साली नर्रईच्या लढाईत आसफ खानाच्या मोगल फौजेची पहिली चढाई राणीने परतविली. त्याच रात्री शत्रूवर तुटून पडावे असे तिचे मत होते, पण तिच्या सरदारांनी ते मानले नाही, अशी हकीकत खुद्द अकबराच्या दरबारी लिहिल्या गेलेल्या ‘अकबरनाम्या’त आली आहे. म्हणजे जिंकणाऱ्याच्या बखरकाराने हरणाऱ्या राणीचा निर्णय नोंदवून ठेवला. आज येथील विद्यापीठाला नाव आहे ते राणीचे. आसफ खानाचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्या गावाने पराभूत राणीला साडेचारशे वर्षे मनात जपले, त्याला पराभवाचे मोल मी नव्याने काय सांगावे?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी परीक्षा देणारी मुले आहेत. एका गुणाने प्रवेश हुकलेला मुलगा किंवा मुलगी आपण पाहिली असेल. एका गुणाच्या अलीकडचा हुशार आणि पलीकडचा मठ्ठ, असे आपण मनात ठरवून टाकतो. रेषा कोठेतरी ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. निर्णयाशिवाय सामना नाही आणि रेषेशिवाय प्रवेश नाही. परंतु रेषेने निकाल लागतो, माणसाचे मोल ठरत नाही. ७६४ आणि ७६२ हे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहिले तर हे कोणालाही समजेल. अशा मुलाला धीर देताना ‘नशीब’ एवढाच शब्द वापरू नये. त्याने केलेल्या सर्व धावा त्याला मोजून दाखवाव्यात.

म्हणून माझी विनंती अशी की, यापुढे एखाद्या अटीतटीच्या सामन्याची हकीकत वाचताना किंवा ऐकताना तीन प्रश्न विचारावेत. न जिंकताही काही मिळण्याची सोय नियमाने ठेवली होती काय? ती असता कोणी कोणता मार्ग निवडला? आणि शेवटच्या क्षणाच्या आधीच्या चार दिवसांत कोणी काय केले? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो म्हणजे विजेत्याचे श्रेय कमी होत नाही आणि पराभूताचे श्रम वाया गेले असेही वाटत नाही. ग्रंथालये याच कामासाठी असतात. निकाल दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मिळतो, पण सामना सबंध वाचावयाचा असेल तर पुस्तकाकडेच जावे लागते.